गॅलरीतून चंद्र पाहायला कुठली दुर्बीण घ्यावी?

नेरूळला आमची गॅलरी पश्चिमेला आहे, त्यामुळे शुक्ल पक्षातला चंद्र संध्याकाळी घरबसल्या मिळतो. सोसायटीतली मुलं बघून जातात आणि मग त्यांचे आईबाबा विचारतात, "काकू, आम्ही कुठली घेऊ?" मी त्यांना आधी स्टँड बघायला सांगते.

दुकानात लांबच्या एखाद्या पाटीवर दुर्बीण लावा आणि आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) बघत नळीला हलकी टिचकी मारा. दोन-तीन सेकंदांत चित्र थांबलं पाहिजे. थरथरतच राहिलं तर भिंग कितीही चांगलं असो, घेऊ नका. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, त्यामुळे नळी सारखी हलवावी लागते. दर वेळी चित्र नाचायला लागलं की मुलं कंटाळून आत जातात.

खोक्यावरच्या '५२५ पट'ला भुलू नका. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या नाभीय अंतराने भागलं की वर्धन, म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं ते, मिळतं. ७०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमी आयपीस लावला तर २८ पट, १० मिमी लावला तर ७० पट. ४ मिमी आयपीसला तिप्पट बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) जोडला की ५२५ होतात खरे, पण भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट एवढीच उपयोगी मर्यादा. म्हणजे ७० मिमीला १४०. त्यापुढे चंद्र मोठा दिसतो आणि धूसर होतो.

पहिली दुर्बीण म्हणून मी ७० मिमी भिंगाचीच सांगते. हलकी असते, दोन मिनिटांत बाहेर येते, आरसे जुळवायची भानगड नाही. १३० मिमी आरशाची, टेबलावर ठेवायची डॉब्सन (फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) जास्त बारकावे दाखवते, पण ती बुटकी असल्याने गॅलरीचा कठडा आडवा येतो. गच्चीची किल्ली सहज मिळत असेल आणि खाली भक्कम स्टूल असेल तर जरूर घ्या. ९० मिमीची मॅक्सुटोव्ह (भिंग आणि आरसा दोन्ही असलेली दुर्बीण) सहसा महाग पडते, पण नळी आखूड असल्याने अरुंद गॅलरीत छान मावते. तिचं नाभीय अंतर १२५० मिमीच्या आसपास असतं, म्हणून २५ मिमी आयपीसवरच ५० पट मिळतं आणि पूर्ण चंद्रही त्यात बसतो.

कुठलीही घ्या, पण पौर्णिमेला बघू नका. त्या दिवशी सावल्याच नसतात, सगळं सपाट पांढरं दिसतं. खरी मजा उजेड-अंधाराच्या सीमेवर आहे, आणि ती सीमा दर तिथीला १२ अंश सरकते. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर हाच आपला नकाशा. शुक्ल षष्ठीच्या सुमाराला थिओफिलस विवर, अष्टमीला अपेनाइन पर्वतरांग, नवमीला 'सरळ कडा' नावाचा लांब कडा आणि प्लेटो विवर, दशमीला कोपर्निकस विवर. कोपर्निकस ९३ किलोमीटर रुंद आहे. ७० पटीवर त्याच्या आतल्या भिंतीच्या पायऱ्या आणि मधले डोंगर दिसतात, तळ मात्र अजून अंधारात असतो. तो क्षण चुकवू नका. गॅलरी पूर्वेला असेल त्यांनी संकष्टीला चंद्रोदयानंतर तासाभराने बसावं, तेव्हा सावल्या दुसऱ्या बाजूने पडलेल्या असतात.

मार्चमधल्या अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे वरच्या मजल्याच्या स्लॅबमागे. दहा-साडेदहापर्यंत थांबा, तो खाली येतो. खिडकीच्या काचेतून बघू नका. खालच्या मजल्यावरच्या एसीचा गरम वारा वर येत असेल तर चित्र पाण्यासारखं हलतं. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला सरका. वॉशिंग मशीन गॅलरीतच असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा.

पश्चिमेची गॅलरी असेल तर एक नियम कडक पाळा: सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बिणीचं झाकण काढायचं नाही. आयपीसला लावायची 'सन फिल्टर' सोबत आली असेल तर ती सरळ फेकून द्या. उष्णतेने ती तडकू शकते आणि डोळा जातो.

एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर आणली की भिंगावर बाष्प धरतं. पुसू नका, झाकण न काढता अर्धा तास बाहेर राहू द्या. पावसाळ्यात ती माळ्यावर टाकू नका, आपल्याकडच्या दमट हवेत भिंगाला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि मधेमधे त्या बदला.