एआयच्या धोक्यांवरील गुप्तचर यंत्रणांची नजर: गोव्यातल्या नागरिकाने माहिती कशी मिळवावी

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांवर आपल्या गुप्तचर यंत्रणांचे लक्ष आहे का, हा विषय पणजी-मडगावात निघाला की चर्चा बहुधा तर्कावरच थांबते. वास्तविक या कामाचा काही भाग कागदावर सापडतो, मात्र तो कोणाकडे मागायचा हे ठाऊक हवे.

प्रथम कामाची विभागणी लक्षात घ्यावी. इंटेलिजन्स ब्युरो गृह मंत्रालयाच्या आणि रॉ मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत येते. सायबर हल्ल्यांचे इशारे देणारी सर्ट-इन ही गुप्तचर संस्था नसून माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची यंत्रणा आहे. तिच्या सूचना संकेतस्थळावर खुल्या असतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी.

त्यानंतर परदेशी यंत्रणांची प्रसिद्ध झालेली मूल्यांकने वाचावीत. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेचा भाग असलेल्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये, येत्या दोन वर्षांत एआयमुळे सायबर हल्ल्यांची संख्या आणि परिणाम ‘जवळजवळ निश्चितपणे’ वाढतील, असे म्हटले होते. असे शब्द तिथे सैलपणे वापरले जात नाहीत. शक्यता व्यक्त करणाऱ्या शब्दांच्या ब्रिटिश मोजपट्टीनुसार ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे ९५ टक्के वा अधिक शक्यता, तर ‘वास्तव शक्यता’ म्हणजे ४० ते ५० टक्के. बातमीत हा फरक सहसा पुसला जातो, म्हणून मूळ अहवालच उघडावा. या यंत्रणा स्वतःही एआय वापरतात, हेही वाचताना विसरू नये.

माहिती अधिकाराचा अर्ज हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. २००५ च्या कायद्याचे कलम २४ दुसऱ्या अनुसूचीतील (इंटेलिजन्स ब्युरो, रॉ यांसारख्या) संस्थांना वगळते, आणि त्यांनी केंद्र सरकारला पुरवलेली माहितीही वगळते. भ्रष्टाचार व मानवाधिकारभंगाचे आरोप एवढाच त्याला अपवाद. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनचाही या अनुसूचीत समावेश झाला. म्हणून ‘एआयपासून देशाला कोणता धोका आहे?’ असे विचारणे व्यर्थ आहे, कारण अर्जावर अभिलेख मिळतो, मत मिळत नाही. त्याऐवजी गोवा सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याला असे लिहावे: ‘१ जानेवारी २०२४ पासून शासकीय कार्यालयांतील एआय साधनांच्या वापराबाबत आपल्या खात्याने काढलेल्या परिपत्रकांच्या प्रती द्याव्यात.’ येथे विचारणा खात्याच्या स्वतःच्या निर्णयाबद्दल आहे, यंत्रणेच्या अहवालाबद्दल नाही. विषय दुसऱ्या खात्याचा निघाल्यास अर्ज ५ दिवसांत तिकडे वर्ग करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असते.

उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. नकार आल्यास कोणते कलम लावले आहे ते आधी पाहावे. कलम ८ (माहिती नाकारण्याची कारणे सांगणारे) असेल, तर व्यापक जनहिताचा मुद्दा मांडून ३० दिवसांत पहिले अपील करावे. कलम २४ असेल, तर तो युक्तिवाद चालत नाही आणि प्रश्न खात्याच्या कृतीपुरता आखून नवा अर्ज करणे अधिक व्यवहार्य ठरते.