घटस्फोटात फ्लॅट, कर्ज आणि दागिने: वाटणीचे कागद कसे करावेत

घटस्फोट झाला की मालमत्ता निम्मी-निम्मी होते, असं ठाणे-नवी मुंबईत अनेकजण धरून चालतात. महाराष्ट्रात तसं होत नाही. पती-पत्नीच्या सामाईक मालकीची पद्धत गोव्यात आहे, इथे नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या सामाईक मालमत्तेपुरतंच बोलतं. त्यामुळे संमतीने वेगळं होत असाल, तर न्याय्य वाटणी अर्जाआधी तुम्हालाच बसून ठरवावी लागते.

दागिन्यांपासून सुरुवात करा, कारण स्त्रीधन वाटणीत येतच नाही. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर तिला भेट म्हणून मिळालेलं, माहेरचं तसंच सासरचंही, तिचं एकटीचं. नवऱ्याने अडचणीत ते वापरलं असेल तर परत करायची जबाबदारी त्याचीच; सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. लॉकर जॉइंट असेल तर दोघांनी मिळून उघडा. पाटल्या, तोडे, ठुशी, मोहनमाळ, एकेका नगापुढे ग्रॅममध्ये वजन, फोटो आणि हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी (त्या नगाचा ओळख क्रमांक) असेल तर तो लिहा, खाली दोघांच्या सह्या. ‘वीस तोळे’ एवढंच लिहू नका. सराफाचा तोळा १० ग्रॅमचा, जुना ११.६६ ग्रॅमचा, वीस तोळ्यांत ३३ ग्रॅमचं भांडण उभं राहतं.

खरी ओढाताण फ्लॅटवरून होते. समजा घोडबंदर रोडवरचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. बाजारभाव १ कोटी २० लाख, कर्ज शिल्लक ४५ लाख, म्हणजे वाटायचे ७५ लाख. भाव रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर, धरू नका. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा) काढा किंवा नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून मूल्यांकन घ्या. आता बँक स्टेटमेंटवरून कोणी किती भरले ते मांडा. तिचे डाउन पेमेंटचे १० लाख आणि हप्त्यांचे १० लाख. त्याचे ५ आणि २५. एकूण ५० लाखांत तिचे २०, म्हणजे ४० टक्के; ७५ लाखांत तिचा वाटा ३० लाख.

इथेच थांबलात तर तिच्यावर अन्याय होतो. मुलासाठी तिने नोकरी सोडली असेल, तर त्या वर्षांतले हप्ते त्याच्या पगारातून गेले, पण घर तिने सांभाळलं म्हणूनच तो पगार घरी आला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गृहिणीचं हे योगदान मालमत्तेच्या हिश्श्यासाठी मान्य केलं. त्या वर्षांचे हप्ते निम्मे-निम्मे धरावेत, हे आम्हाला सगळ्यांत रास्त वाटतं. त्या काळातले १२ लाख असतील तर ६ तिच्या खात्यात येतात: तिचे २६, त्याचे २४. मग वाटणी ३९ आणि ३६ लाख.

‘यापुढे हप्ते नवरा भरेल’ असं न्यायालयात द्यायच्या संमतीच्या अटींत लिहिलं तरी बँक बांधील नसते. त्याने हप्ता चुकवला की तिचाही सिबिल स्कोअर पडतो. फ्लॅट ठेवणाऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतं का, हे बँकेत आधी विचारा. बसत असेल तर दुसऱ्याचं सहकर्जदार म्हणून नाव काढल्याचं लेखी घ्या. बसत नसेल तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवा, नाहीतर फ्लॅट विकून पैसे वाटा.

दस्त कोणता, यावर लाखांचा फरक पडतो. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि लागू असेल तो स्थानिक अधिभार. पण घटस्फोटाचा हुकूम झाला की ती पत्नी राहत नाही, सवलत संपते. हिश्श्याच्या बदल्यात पैसे ठरले असतील तर ते बक्षीस नव्हे. एकीकडे बक्षीसपत्र आणि दुसरीकडे कोर्टातल्या अटींत ३६ लाख, असं केलंत तर कमी भरलेलं शुल्क दंडासकट वसूल होऊ शकतं. हक्कसोडपत्राची स्वस्त सवलत वडिलोपार्जित मालमत्तेला आहे, विकत घेतलेल्या फ्लॅटला नाही. शिवाय फ्लॅट तारण असेपर्यंत बँकेच्या एनओसीशिवाय दस्त करू नका. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची इमारत असेल तर हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क बेलापूरच्या सिडको भवनातून आधीच विचारून घ्या.

हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून सगळे पैसे न्यायालयाच्या पहिल्याच तारखेला, अर्ज देताना, देऊ नका आणि सगळा फ्लॅटही देऊ नका. दस्ताची नोंदणी दुसऱ्या, हुकमाच्या तारखेच्या अगदी आधीच्या दिवसांत करा, उरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट न्यायालयासमोर द्या. अर्जाच्या परिशिष्टात फ्लॅटचा पूर्ण तपशील हवा: सोसायटीचं नाव, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, सर्व्हे क्रमांक.

हुकूम हातात आला की शेअर सर्टिफिकेटवरची नोंद, मालमत्ता कर आणि वीजबिलावरचं नाव बदला. पीएफ, विमा, म्युच्युअल फंड आणि सोसायटीतलं नॉमिनेशनही त्याच आठवड्यात नव्याने भरा.