शाळेतील शिक्षक आयुष्यभराचे मार्गदर्शक कसे होतात

उच्च शिक्षणाच्या किंवा पहिल्या नोकरीच्या उंबरठ्यावर असलेले विद्यार्थी चांगला मार्गदर्शक कुठे मिळेल असे विचारतात, तेव्हा मी त्यांना प्रथम त्यांच्या शाळेतील शिक्षकांविषयी विचारते. नव्याने ओळख झालेला तज्ज्ञ आपल्या क्षेत्राची माहिती अधिक अचूक देऊ शकेल. परंतु आपण कशात रमतो, कशाने खचतो आणि अवघड काम टाळण्यासाठी कोणती सबब पुढे करतो, हे ज्याने आपल्या लहानपणी पाहिलेले असते, त्याच्या सल्ल्याला वेगळेच वजन असते. मला असा सल्ला आठवीपासून आजपर्यंत मिळत आला आहे, आणि तो देणाऱ्या आमच्या गणिताच्या बाईंविषयी वाटणाऱ्या कृतज्ञतेपोटीच मी हे लिहीत आहे.

बाई वही तपासताना केवळ उत्तर पाहत नसत. उत्तर बरोबर असले तरी त्या कच्चे काम वाचत आणि समासात ‘ही पायरी कशावरून?’ असे लिहीत. पुढच्या तासाला त्या पायरीचे कारण सांगावे लागे, आणि ते सांगता आले नाही तर बाई रागावत नसत, फक्त ‘उद्या सांग’ म्हणत आणि दुसऱ्या दिवशी न विसरता विचारत. आज संख्याशास्त्राच्या कामात एखादा निष्कर्ष माझ्यासमोर येतो, तेव्हा मी पहिल्यांदा तोच प्रश्न विचारते.

अभ्यासक्रम निवडण्याची वेळ आली तेव्हा घरच्यांचा कल एका बाजूला होता आणि माझा दुसऱ्या. बाईंनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी मला दोन्ही अभ्यासक्रमांच्या तिसऱ्या वर्षाचे विषय मिळवून वाचायला सांगितले, कारण पहिल्या वर्षाचे विषय बरेचसे सारखे असतात आणि शाखेचा खरा स्वभाव शेवटच्या वर्षात दिसतो. त्यानंतर त्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणाला तरी भेटून त्यांचा एखादा अगदी साधा, काहीही विशेष न घडलेला दिवस कसा जातो, हे विचारून यायला सांगितले. हा सल्ला मी नंतर कितीतरी विद्यार्थ्यांना दिला आहे. माझ्या मते अभ्यासक्रम निवडण्याची याहून भरवशाची रीत नाही. निर्णय मी घेतला, मात्र तो कोणत्या कारणांनी घेतला हे घरी शांतपणे मांडता आले, ते बाईंमुळेच.

त्यांची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र पुढची आहे. पदवीच्या वर्गात गेल्यावर मी एक शंका घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हे मी शिकलेले नाही, त्यामुळे यातले मला विचारू नकोस. पण तू कोणाला विचारलेस आणि त्यांनी काय सांगितले, ते मला येऊन नक्की सांग.’ आपल्या ज्ञानाची मर्यादा इतक्या सहजपणे सांगणारी व्यक्ती दिशाभूल करणार नाही, ही खात्री मला त्या दिवशी मिळाली. त्यानंतर त्या मला विषय शिकवत नव्हत्या, तर माझा विचार ऐकून त्यातील कच्ची पायरी दाखवत होत्या; नोकरी बदलतानाही आमचे बोलणे याच पद्धतीने झाले.

शिक्षकाचा आधार किती दूरवर पोहोचतो, याची उदाहरणे इतिहासात आहेत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी 1907 मध्ये, मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमराव आंबेडकरांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणात खंड पडू नये म्हणून सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला. पुस्तकाने विचाराला दिशा मिळाली आणि शिष्यवृत्तीने शिक्षण चालू राहिले. चांगला शिक्षक या दोन्ही गरजा ओळखतो. ॲन सलिव्हन 1887 मध्ये हेलन केलर यांना शिकवायला आल्या आणि 1936 मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत त्यांच्यासोबत राहिल्या. साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर आल्बेर काम्यू यांनी नोव्हेंबर 1957 मध्ये आपले प्राथमिक शाळेतील शिक्षक लुई जर्मेन यांना आभाराचे पत्र लिहिले; वडील पहिल्या महायुद्धात गमावलेल्या या मुलाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसू द्यावे, म्हणून जर्मेन यांनी त्याच्या आजीचे मन वळवले होते.

असे नाते टिकवण्याचे काम मात्र बरेचसे विद्यार्थ्याकडे असते, कारण शिक्षकासमोर दरवर्षी नवे वर्ग येतात. सल्ला घेतल्यावर त्याचे पुढे काय झाले ते कळवावे, आणि सल्ल्याच्या उलट निर्णय घेतला असेल तर तेही कारणासह सांगावे. शिफारसपत्र हवे असेल तर किमान दोन-तीन आठवडे आधी विचारावे, सोबत अभ्यासक्रमाची माहिती, आपल्या कामाचा थोडक्यात तपशील आणि अंतिम तारीख द्यावी, आणि प्रवेश मिळाला नाही तरी निकाल कळवावा. आपल्यासाठी पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीला निकाल दुसऱ्याकडून कळावा, हे मला अतिशय अनुचित वाटते. केवळ अडचणीच्या वेळीच संपर्क करू नये, हे वेगळे सांगायला नको.

आभार मानताना ‘तुमच्यामुळे मी घडले’ एवढे म्हणून थांबू नये. कोणत्या वर्गात, कोणत्या प्रसंगी, शिक्षकांनी नेमके काय केले आणि त्याचा आपल्या कामात आज कुठे उपयोग होतो, हे लिहावे. समासातील प्रश्नाविषयी मी बाईंना लिहिले, तेव्हा ती आपली सवय कोणाच्या लक्षात राहिली असेल असे त्यांना वाटलेच नव्हते, असे त्यांनी कळवले.

ज्यांचा आपल्या शिक्षकांशी संपर्क तुटला आहे, त्यांनी वर्षे किती उलटली याचा संकोच न करता एक छोटे पत्र लिहावे. त्यात आपले पूर्ण नाव, शाळा सोडल्याचे वर्ष, त्यांच्या वर्गातील एखादी ठळक आठवण आणि सध्या आपण काय करतो, एवढे पुरेसे आहे. पहिल्या पत्रात काही मागू नये. उत्तर आल्यावर मात्र आपला प्रश्न मोकळेपणाने विचारावा.