वयात आलेले ससे भांडू लागले? या चुका टाळा

तीन महिने एकमेकांना चिकटून झोपणारी भावंडं चौथ्या महिन्यात अचानक एकमेकांचे केस उपटू लागतात. त्यांचं काही बिनसलेलं नसतं, ती वयात आलेली असतात. लहान जातीचे ससे साडेतीन-चार महिन्यांत वयात येतात, मोठ्या जातींना सहा ते आठ महिने लागतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘मिटवतील आपसांत’ म्हणून थांबणं. सशांचं भांडण असं मिटत नाही. नर एकमेकांच्या वृषणांना चावतात, मागच्या पायांच्या नखांनी पोट ओरबाडतात. कान मागे, शेपूट ताठ, गोल गोल पाठलाग आणि केसांचे पुंजके दिसले, की त्याच दिवशी वेगळे करा. मध्ये हात घालू नका, जाड टॉवेल टाका. पिंजरे शेजारी ठेवा, म्हणजे ओळख टिकते. पण मध्ये चार बोटं अंतर हवं. एकाच जाळीच्या दोन बाजूंना ठेवलं तर नाक-ओठ फाटतात.

दुकानदाराने ‘दोन्ही माद्याच’ सांगितलं तरी अडीच-तीन महिन्यांच्या वयात पशुवैद्याकडून खात्री करून घ्या. एक जरी नर निघाला तर पिल्लं व्हायला वेळ लागत नाही, गाभण काळ जेमतेम 31 दिवसांचा असतो.

खरा उपाय नसबंदी. नराची साधारण चौथ्या महिन्यात, मादीची सहाव्याच्या सुमारास. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवू नका. त्याला उलटी होतच नाही, आणि रिकाम्या पोटी आतडी मंदावतात. टाके निघाले म्हणून लगेच एकत्र सोडणंही चूकच. संप्रेरकं (हार्मोन्स) ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर नरापासून पिल्लंही होऊ शकतात.

एकत्र आणण्याआधी काही दिवस दोघांचे शी-शूचे ट्रे अदलाबदल करा. भेट दोघांनाही अनोळखी जागेत घडवा, फरशीवर चटई अंथरून, सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं. गवताचे ढीग दोन ठेवा. लपायच्या खोक्याला दोन दारं हवीतच, एका दाराच्या खोक्यात दुबळा ससा कोंडला जातो. थोडं अंगावर चढणं चालतं, पण तोंडाच्या बाजूने चढला तर लगेच उतरवा, खालचा थेट गुप्तांगाला चावतो.

भांडणानंतर केस बाजूला सारून कातडी तपासा. टाचणीएवढ्या जखमेत पुढे गळू होतं, आणि सशाचा पू इतका घट्ट असतो की आपोआप वाहून जात नाही. जखम सलाइनने धुऊन पशुवैद्याला दाखवा. घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन (माणसांनाही देतात ते अँटिबायोटिक) तोंडावाटे कधीही देऊ नका, त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावू शकतो. दहा-बारा तास गवताला तोंड लावलं नाही, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.