प्राथमिक रंग आणि रंगमिश्रणाची सुरुवात

चित्रकलेत लाल, पिवळा आणि निळा हे प्राथमिक रंग मानले जातात, कारण इतर रंग मिसळून ते तयार करता येत नाहीत, अशी परंपरागत धारणा आहे. लाल-पिवळ्यापासून नारिंगी, पिवळ्या-निळ्यापासून हिरवा आणि निळ्या-लालपासून जांभळा मिळतो, हे शाळेतच शिकवले जाते. नेमका कोणता निळा घ्यायचा, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. अल्ट्रामरीन निळ्यात जांभळी झाक असल्यामुळे तो लेमन यलोमध्ये मिसळला की हिरवा काहीसा मळकट उतरतो, तर हिरवट झाकेचा प्रशियन ब्लू त्याच पिवळ्यात घातल्यास तजेलदार हिरवा मिळतो. जांभळ्यासाठी उलट अल्ट्रामरीनच योग्य, पण त्याच्या जोडीला किरमिजी लाल हवा. शेंदरी झाकेचा लाल घेतल्यास मिश्रण तपकिरीकडे झुकते.

मिसळताना फिका रंग आधी पॅलेटवर घ्यावा आणि गडद रंग ब्रशच्या टोकाने थोडाथोडा त्यात सोडावा, कारण बऱ्याचशा पिवळ्याचा हिरवा करायला निळ्याचा ठिपकाही पुरतो, पण त्याच्या उलट करू गेल्यास पिवळ्याची ट्यूब संपत येते. रंगाचा भडकपणा कमी करण्यासाठी काळ्याऐवजी विरुद्ध रंग (रंगचक्रात त्याच्या समोर येणारा) वापरावा: नारिंगीत निळा, हिरव्यात लाल. काळ्याने पिवळा तर चक्क हिरवट होतो. जलरंग वाळल्यावर फिके आणि अ‍ॅक्रिलिक बहुधा गडद दिसतात, म्हणून आधी वेगळ्या कागदावर पट्टा ओढून तो पूर्ण वाळू द्यावा.