टिफची हद्द आखायची तर आधी बूट घाला

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका लहान नगरपालिकेच्या नियोजन खात्यात मी सारी नोकरी केली. एखादा भाग मोडकळीला आला की कुणीतरी ‘टिफ’चा विषय काढायचंच. टिफ म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग: एका भागाची हद्द आखायची आणि तिथे पुढे वाढणारा मालमत्ता कर त्याच भागाच्या सुधारणेला लावायचा. पहिला प्रश्न ठरलेला: पैसे किती मिळतील? मी म्हणायचे, आधी बूट घाला.

कारण सुरुवात चालण्यापासून होते. इथल्या १९७७ च्या कायद्यात पडझड, रिकामी घरं, अपुरी गटारं असे १३ निकष आहेत. बांधकाम असलेला भाग ‘ब्लाइटेड’, म्हणजे मोडकळीला आलेला, ठरवायला त्यातले किमान ५ लागतात. निम्म्या इमारती ३५ वर्षं किंवा त्याहून जुन्या असतील तर ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’ (अजून ब्लाइटेड नाही, पण त्या वाटेवरचा भाग) म्हणून ३ पुरतात. क्लिपबोर्ड घ्या आणि दर इमारतीला एक पान द्या. विटांच्या सांध्यातला मसाला बोटाने खरवडून पाहा. आणि मागच्या गल्लीतून जाच. दर्शनी भिंत रंगवलेली असते, मागचा जिना रंगवायला कुणी जात नाही.

हद्द सलग हवी, किमान दीड एकराची. सलग म्हणताना मोह आवरा. आमच्या एका नकाशाला रस्त्याच्या कडेने लांब शेपूट फुटलं होतं आणि शेपटाच्या टोकाला चांगला चालणारा मॉल. त्या मॉलला कसली पडझड? पण करवाढ तिथूनच येणार होती.

आता हिशेब. समजा हद्दीतल्या मालमत्तांचं करपात्र मूल्य आज १ कोटी डॉलर आहे आणि कराचा एकूण दर ८ टक्के. म्हणजे ८ लाख डॉलर शाळा, काउंटी, उद्यान मंडळ, पालिका असे वाटले जातात. टिफ झालं की तो १ कोटीचा आकडा गोठतो. पुढे मूल्य दीड कोटी झालं तर वरचे ४ लाख डॉलर थेट टिफच्या खात्यात. हे साधारण २३ वर्षं चालतं, विधिमंडळाने मुदत वाढवली तर ३५.

‘कुणाचाच कर वाढत नाही’ असं सभेत ठासून सांगतात. मी ते वाक्य कधी वापरलं नाही. शाळेचा खर्च काही गोठत नाही. तिने कराची मागणी वाढवली की गोठलेल्या पायावर दर चढतो, आणि तो हद्दीबाहेरच्या घरमालकालाही भरावा लागतो. म्हणून जाहीर नोटीस काढण्याआधीच शाळा मंडळाला जाऊन भेटा. नंतर जॉइंट रिव्ह्यू बोर्डात, म्हणजे टिफचा प्रस्ताव तपासणाऱ्या करसंस्थांच्या मंडळात, तेच समोर बसतात.

बाकी कागदपत्रं वकील करतात: करसंस्थांना सुनावणीच्या ४५ दिवस आधी नोटीस, जाहीर सुनावणी, मग योजना, हद्द आणि टिफ असे तीन वेगळे ठराव. हद्दीत ७५ किंवा जास्त वस्तीची घरं असतील, तर घरांवरच्या परिणामांचा अभ्यास लागू होतो का तेवढं आधी विचारून घ्या. तो ऐनवेळी आठवला की सगळं वेळापत्रक कोलमडतं.

ठराव झाल्यावर पेढे वाटू नका. इथे मालमत्ता कर एक वर्ष उशिरा भरतात, म्हणून खातं सुरुवातीला रिकामंच असतं. कर्जरोखे काढून लगेच कामं सुरू करायचा आग्रह होईल. मला विचाराल तर, विकासकालाच आधी खर्च करू द्या. करवाढ प्रत्यक्ष जमा झाली, की पावत्या एकेक करून तपासा आणि मगच परतफेड करा.