परतीचा पाऊस: गंजी ओढ्याकाठी लावू नका

काढलेलं सोयाबीन मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत रानातच राहतं, आणि गंजी, म्हणजे कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग, लागते ती ट्रॅक्टरला सोयीच्या सखल कोपऱ्यात. सप्टेंबर 2025 मध्ये सीना-मांजरेच्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. वर्षभराचं घरखर्चाचं पीक एका रात्रीत जातं, म्हणून घराची तयारी गंजीपासूनच धरा.

जागा रानातली सगळ्यात उंच निवडा, अंतर पडलं तरी चालेल. खाली पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा अर्धा फूट थर द्या. शेंगा आत, बुडखे बाहेर. भोवती फूटभर रुंद, वीतभर खोल चर काढा आणि उताराकडे त्याला तोंड ठेवा. नुसती ताडपत्री टाकून भागत नाही. पाणी वरून कमी, बुडातून जास्त शिरतं; खालचा थर काळा पडतो, दाण्याला कोंब येतात. ऊन पडलं की ताडपत्री उघडा, आत वाफ धरते. कोपरापर्यंत हात घालून पाहा: गरम लागलं, आंबूस वास आला तर त्याच दिवशी गंजी मोडून पसरा.

मळणीला दाण्यात 13 ते 15 टक्के ओलावा चालतो, साठवणुकीला 12 च्या खाली हवा. दाताखाली दाणा कटकन तुटला तर वाळला, दबला तर थांबा. भिजलेल्या मालावर मारायला दुकानदार बुरशीनाशक देईल. खाण्याच्या-विकण्याच्या दाण्यावर ते मारू नका. ते पैसे दुसऱ्या ताडपत्रीला घाला.

घरातलं:
- सातबारा, आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, हाताशी
- बॅटरी, चार्ज केलेला मोबाइल, रोजची औषधं
- पिण्याचं पाणी झाकून, पुरानंतर उकळूनच
- विहिरीत 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर
- पाणी चढायच्या आत मेन स्विच बंद, नदीवरची मोटार वर
- मोबाइलमध्ये विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप. जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, तातडीला 112

जनावरं पक्क्या गाठीने किंवा साखळीने बांधू नका. सुरगाठ हवी, मोकळं टोक ओढलं की सुटणारी. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन काडीकचरा वाहू लागला की वर पाऊस झालाय. इथं ऊन असलं तरी तेव्हाच जनावरं वर न्या, रात्रीची वाट पाहू नका.

दुपारी अंग चिकट झालं आणि पूर्वेकडून ढग चढले, तर अंदाज काहीही सांगो, त्या दिवशी नवी कापणी थांबवा. गंजी लावल्यावर फोटो काढा, भिजली तर पुन्हा काढा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तारीख आणि ठिकाण उमटेल असं ठेवा; पंचनाम्याला तलाठ्यापुढे तोच पुरावा दाखवता येतो.